पदाच्या डोक्यावरची ओळ

जुनी संगीत नाटके छापील पुस्तकातून वाचणाऱ्याला एक लहानशी गोष्ट पुनःपुन्हा भेटत राहते. पद सुरू होण्यापूर्वी, त्याच्या डोक्यावर, बारीक टाइपात एक ओळ असते. कधी तीत नुसते छंदाचे नाव असते: साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत. कधी राग आणि ताल असतात. आणि पुष्कळदा ‘चाल’ एवढाच शब्द असून त्यापुढे दुसऱ्याच कुठल्यातरी गाण्याचे पहिले दोनतीन शब्द असतात. ते गाणे कानडी असेल, गुजराती किंवा उर्दू असेल, एखादी लावणी असेल, कीर्तनातले पद असेल, नाहीतर मागल्याच नाटकातले लोकांच्या ओठांवर असलेले पद असेल. वाचणारा ही ओळ ओलांडून पदाकडे जातो. आम्हीही कित्येक वर्षे तसेच जात होतो.

‘सौभद्र’ शिकवीत असता एका विद्यार्थ्याने आम्हांला या ओळीपाशी अडवले. हा मुलगा महाविद्यालयाच्या बँडमध्ये गिटार वाजवतो आणि इंग्लंडमधल्या गिटार-पॉपवर त्याचे विलक्षण प्रेम आहे. त्याने पुस्तकातल्या त्या ओळींवर बोट ठेवून विचारले, “सर, म्हणजे चाली ढापलेल्याच ना?” वर्ग हसला. आम्ही ‘त्या काळची तशी पद्धतच होती’ असे काहीसे उत्तर दिले. तो अदबीने गप्प बसला, पण तास संपल्यावर म्हणाला, “आम्ही गॅदरिंगला ब्रिटिश बँडची गाणी वाजवली, तेव्हा परीक्षक म्हणाले, नक्कल पुरे, स्वतःचे काही ऐकवा. त्याच परीक्षकांनी नाट्यगीत-स्पर्धेत जिने बालगंधर्वांसारखे हुबेहूब म्हटले तिला पहिला नंबर दिला.”

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. ‘तशी पद्धत होती’ हे उत्तर नसून पळवाट होती, हे आम्हांला वर्गातच कळले होते. पुढील मजकूर म्हणजे ते राहून गेलेले उत्तर शोधण्याची खटपट होय.

प्रथम त्याच्याच मुलखातून सुरुवात करू. ज्या ब्रिटिश गिटार-पॉपचे त्याला वेड आहे त्याचा जन्मच अनुकरणातून झाला. बीटल्सच्या १९६३ सालच्या पहिल्या लाँग प्ले तबकडीवर चौदा गाणी आहेत. त्यांतली सहा इतरांची, बहुतेक अमेरिकेत आधी गाजलेली. लिव्हरपूलची पोरे अमेरिकन, आणि त्यातही कृष्णवर्णीय गायकांच्या, तबकड्या ऐकून गायला शिकली. तीस वर्षांनी मँचेस्टरचा ओएसिस हा बँड उघडउघड बीटल्सचे स्वर आळवू लागला, आणि त्यांच्या १९९४ सालच्या ‘शेकरमेकर’ या गाण्यावरून, कोका-कोलाच्या जाहिरातीमुळे घरोघर पोचलेल्या एका जुन्या गाण्याच्या मालकांशी त्यांना तडजोड करून पैसे मोजावे लागले. इलॅस्टिका नावाच्या बँडवरही अशीच पाळी आली. म्हणजे तिकडे नक्कल व नवनिर्मिती यांच्यातली रेघ शेवटी वकिलाच्या कचेरीत आखली जाते. आमच्याकडे ती पदाच्या डोक्यावर छापली जात होती. उसनवारी लपवण्याची कोणाला गरज वाटत नव्हती; उलट चाल ओळखीची असणे ही पदाची शिफारस होती. चोर आपल्या पावलांचे ठसे स्वतः छापून वाटत नाही, एवढे तरी त्या मुलाला सांगता आले असते.

पण प्रश्न प्रामाणिकपणाचा नाही. उसन्या चालीवर नवे काही घडते का, आणि घडले तर ते कशात असते, असा तो प्रश्न आहे.

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग पुण्यात आनंदोद्भव नाट्यगृहात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी झाला, त्या रात्री पहिले चार अंकच झाले. मराठी संगीत रंगभूमीचा आरंभ आपण तेथून मोजतो. आता या आरंभात ‘स्वतःचे’ काय होते ते पाहू. कथानक कालिदासाचे. खेळाची प्रेरणा पुण्यास आलेल्या पारशी मंडळीच्या उर्दू ‘इंद्रसभे’ची, आणि ते नाटक मूळ लखनौच्या अमानतचे. पदांच्या चाली कीर्तनातल्या, लावणीतल्या, कानडी मुलखातल्या. अण्णासाहेबांचा जन्म धारवाडकडे गुर्लहोसूरला झालेला, त्यांच्या कानांत त्या असणारच. पात्रांनी स्वतः गावे ही कल्पना तरी पहिली म्हणावी, तर सोकर बापूजी त्रिलोकेकरांचे ‘नलदमयंती’ एक वर्ष आधीचे. आणि त्याही मागे जावे तर १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले तेही कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळीचा खेळ पाहून, राजेसाहेबांच्या इच्छेवरून. मराठी रंगभूमीचा कोणताही पहिला दिवस घ्या, त्याच्या आदल्या दिवशी कोणीतरी दुसऱ्या भाषेतला खेळ पाहून घरी परतलेले असते.

मग अण्णासाहेबांचे श्रेय कशात? आमच्या मते ते त्या बारीक टाइपातल्या ओळींच्या मिश्रणात आहे. भाव्यांच्या नाटकात सूत्रधार गाई आणि पात्रे त्या गाण्याला धरून हालचाल व भाषण करीत. त्रिलोकेकरांनी पात्रांना गाणे दिले. अण्णासाहेबांनी कोणत्या पात्राला कोणत्या क्षणी कोणत्या जातीची चाल द्यावी हे ठरवले. निवेदन पुढे न्यायचे तेथे साकी-दिंडी, गंभीर वर्णनाला श्लोकाचे वृत्त, लाडीगोडीला हलकी चाल. ‘सौभद्रा’त (१८८२) हे तारतम्य इतके सहज झाले आहे की सुभद्रेचे रुसणे, कृष्णाचा कावेबाजपणा आणि संन्यासाचे सोंग घेतलेल्या अर्जुनाची तारांबळ चालीवरूनच ओळखू यावी. माल सगळा बाजारातला, पण जेवण घरचे.

येथे साहित्याच्या विद्यार्थ्याने क्षणभर थांबावे. दिंडी हे वृत्त की चाल? मराठीत हा भेद पूर्वी कधी फारसा केलाच गेला नाही. ओवी, अभंग, दिंडी, साकी, कटाव ही नावे एकाच वेळी मात्रांची मांडणी आणि म्हणण्याची रीत सांगतात. दिंडी वाचताना मनातल्या मनात ती म्हटली जाते. मोरोपंतांनी आर्या लिहिली म्हणून त्यांना कोणी नकलाकार म्हणत नाही, कारण आर्या हा साचा आहे, कोणाची मालमत्ता नव्हे. ‘चाल’ ही ओळ लिहिणाऱ्या नाटककाराच्या मनात हाच हिशोब होता. एखाद्या कानडी गाण्याची चाल त्याच्या दृष्टीने एक नवे वृत्त होते, फक्त त्याला संस्कृत नाव पडलेले नव्हते इतकेच. म्हणून त्या गाण्याच्या पहिल्या शब्दांनी त्याची ओळख द्यायची. आमच्या विद्यार्थ्याच्या बोटाखालची ओळ कबुलीजबाब नव्हती, छंदःशास्त्राची टीप होती. (हे त्या तासाला सुचले असते तर किती बरे झाले असते!)

मात्र या हिशोबात एक खोट आहे आणि ती श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या वेळी उघडी पडली. १८९६ च्या ‘वीरतनया’पासून त्यांनी पारशी व गुजराती रंगभूमीच्या चटकदार चाली मराठीत आणल्या. साकी-दिंडीला कंटाळलेल्या प्रेक्षकाला त्या नव्या वाटल्या, आणि त्या अर्थाने कोल्हटकर नवतेचे वाहकच होते. परंतु वृत्त हे रिकामे भांडे असते; गाजलेली चाल रिकामी नसते. तिच्यात आधीच्या गाण्याचा ठसका, त्याच्या भाषेचे आघात आणि त्याच्या प्रसंगाची सय शिल्लक असते. कोल्हटकरांच्या पदांत मराठी शब्द या तयार साच्यात बसवण्यासाठी मुडपावे लागले. त्यात त्यांची कोटिबाज, समासबहुल शैली. पदे क्लिष्ट झाली, अशी तक्रार तेव्हापासून आजवर चालत आली आहे. आम्हांला ती बव्हंशी खरी वाटते. चाल परकी होती हा दोष नव्हे. चालीच्या गोडीने प्रसंगाला मागे टाकले, हा दोष. गोविंद बल्लाळ देवलांची ‘शारदा’ (१८९९) याच काळातली. तेथेही चाली ठिकठिकाणच्याच आहेत. पण कोवळ्या शारदेच्या तोंडचे मराठी ओढाताण न होता येते, कारण देवल आधी बोलणे ऐकतात आणि मग त्याला पेलेल अशी चाल धुंडाळतात. अण्णासाहेबांचा हा शिष्य गुरूची गोष्ट नेमकी उचलता झाला.

‘मानापमान’ (१९११) हा पुढचा टप्पा. खाडिलकरांच्या या नाटकाच्या चाली गोविंदराव टेंब्यांनी दिल्या. तोवर चाल शोधणे हे बहुधा नाटककाराचे किंवा मंडळीतल्या जाणत्या नटाचे काम असे. आता चाली देणारा असा स्वतंत्र माणूस उभा राहिला आणि पदाच्या डोक्यावरच्या त्या ओळीला धनी मिळाला. टेंबे कोल्हापूरचे, नामांकित हार्मोनियमवादक. त्यांनी उत्तरेकडची ठुमरी, दादरा, कजरी यांचे रंग मराठी पदांत आणले. याला अनुकरण म्हणावे की निर्मिती? दोन्ही. ठुमरीचा स्वभाव घेतला, विशिष्ट ठुमरी दर वेळी घेतलीच असे नाही. बीटल्सच्या कारकिर्दीतही असा क्षण येतो: दुसऱ्याचे गाणे म्हणणारी पोरे दुसऱ्याच्या पद्धतीने स्वतःचे गाणे रचू लागतात.

त्यानंतर पाचच वर्षांनी ‘स्वयंवर’ (१९१६) आले आणि आमचा हा सरळ चढत जाणारा आलेख मोडला. भास्करबुवा बखले हे लहानपणी किर्लोस्कर मंडळीत काम केलेले, पुढे फैजमहंमदखाँ, नत्थनखाँ व अल्लादियाखाँ अशा तीन वेगळ्या घरच्या उस्तादांकडे शिकलेले, पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना करणारे. त्यांनी बालगंधर्वांसाठी काय केले? ख्यालाच्या बंदिशी जवळजवळ जशाच्या तशा उचलून खाडिलकरांच्या शब्दांखाली ठेवल्या. अनुकरणाच्या मापाने मोजले तर ‘मानापमाना’हून हे एक पाऊल मागे. आणि तरीही नाट्यसंगीताचे शिखर कोणते असे कोणाही जाणत्या श्रोत्याला विचारा, बोट ‘स्वयंवरा’कडेच जाईल.

याचा उलगडा एका पदापुरता करून पाहू. रुक्मिणीचे भीमपलासातले प्रसिद्ध पद ज्या चिजेवर आहे ती व्रजातली, कृष्णाने मांडलेल्या धुमाकुळाची. तेथे खोडकरपणा आहे, तक्रार आहे. ‘स्वयंवरा’त ते स्वर एका राजकन्येच्या तोंडी येतात आणि ती कुलाबद्दल, वराबद्दल, वंशाबद्दल बोलते. स्वरांची बांधणी तीच, पण दंग्याच्या जागी निश्चय येऊन बसला आहे. हा बदल खाडिलकरांच्या शब्दांनी झाला म्हणावा तर ते शब्द, स्पष्टच सांगायचे तर, फार चांगले नाहीत. खाडिलकर पदे रचताना व्याकरणाशी आणि अन्वयाशी किती झुंजत असत हे त्यांची पदे मोठ्याने वाचून पाहणाऱ्याला ठाऊक आहे. व्रजभाषेत ऱ्हस्वदीर्घ लवचीक असते, गायक ते हवे तसे ओढू शकतो. मराठी जोडाक्षरे आणि दीर्घ स्वर तसे वळत नाहीत. बदल घडला तो बालगंधर्वांच्या उच्चारात. कोणत्या शब्दावर थांबायचे, कोणता शब्द आलापीत वितळू द्यायचा आणि कोणता नाटकातल्या वाक्यासारखा ठेवायचा याचा त्यांचा विवेक हीच येथली नवनिर्मिती. ती कागदावर दिसत नाही. म्हणून तिला मालकी सांगता येत नाही आणि न्यायालयातही नेता येत नाही. तीन वर्षांनी ‘एकच प्याला’त (१९१९) सुंदराबाई जाधवांकडून मिळालेल्या गझल-ठुमरीच्या ढंगाच्या चाली त्यांनी सिंधूच्या तोंडी ज्या रीतीने आणल्या, तो याच विवेकाचा दुसरा पुरावा. कोठीवरच्या बैठकीची चाल पुण्याच्या सोशिक गृहिणीची कशी झाली, हे पदांचे पुस्तक वाचून कधीच कळणार नाही.

आणि नेमके हेच त्यांच्या नकलाकारांना उचलता आले नाही. १९२० नंतर महाराष्ट्रात जिकडेतिकडे बालगंधर्व ऐकू येऊ लागले. त्यांची लकब, शब्दाच्या शेवटी स्वर सोडण्याची रीत, लाडिक हेलकावा हे सारे घेतले गेले. सुटला तो विवेक. दीनानाथ मंगेशकरांनी मात्र या लाटेत उभे राहून अगदी विरुद्ध दिशेची, चमकदार आणि आक्रमक गायकी मांडली. सौदागर नागनाथ गोरे हे तर ‘छोटा गंधर्व’ नाव घेऊन वावरले, पण त्यांचे गाणे त्या नावाच्या छायेत राहिले नाही. बाकीच्यांची आठवण आज फारशी कोणाला नाही, आणि आम्हीही काढीत नाही.

१ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणले. पदे मोजकी, ती प्रसंगाच्या ओघात येणारी, ताना-पलट्यांना रजा, वन्समोअरला वाव नाही. संगीत केशवराव भोळ्यांचे, गाणाऱ्या ज्योत्स्नाबाई. उसन्या चालींविरुद्ध मराठीतले हे पहिले उघड बंड म्हणता येईल. गंमत अशी की नाटक स्वतः नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या नाटकावर बेतलेले! १८८० साली कथा आणि चाल दोन्ही उसन्या होत्या. १९३३ साली चाल स्वतःची झाली तेव्हा कथा आणखी दुरून आणावी लागली. भोळे संगीतसमीक्षा लिहीत ती ‘एकलव्य’ या नावाने. गुरूच्या मातीच्या पुतळ्यासमोर बसून शिकणाऱ्याचे नाव या नवमतवाद्याने घ्यावे, यात आम्हांला त्याच्या थट्टेखोर स्वभावापेक्षा अधिक काही दिसते. १९३७ साली पुण्याच्या प्रभातमध्ये शांतारामबापूंच्या ‘कुंकू’ला त्यांनी संगीत दिले. त्यात पार्श्वसंगीत नाही, केवळ घरातले, रस्त्यातले आवाज आहेत. आणि शांता आपटे लाँगफेलोची एक इंग्रजी कविता गातात. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेल्या मुलीच्या तोंडी परकी भाषा घालून भोळ्यांनी तिचे एकाकीपण जितके ऐकवले, तितके एखाद्या अस्सल देशी पदाने ऐकवले असते की नाही, याची आम्हांला शंका आहे.

तीस वर्षांनी, १९६७ साली, पुरुषोत्तम दारव्हेकरांनी या साऱ्या वादाचेच नाटक केले. ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये सदाशिव वेड पांघरून, नोकर बनून खाँसाहेबांच्या घरी राहतो आणि त्यांची गायकी चोरून शिकतो. चोरी उघडी पडते तेव्हा नाटकाचा प्रश्न ‘हा चोर आहे का’ असा राहत नाही. ‘विद्या कोणाची असते’ असा होतो. संगीत जितेंद्र अभिषेकींचे, खाँसाहेब वसंतराव देशपांडे. आणि वसंतराव म्हणजे कोणत्याही एका घराण्याचा शिक्का नसल्याबद्दल बोल ऐकलेला गवई. ही निवड योगायोगाची असो वा नसो, ती अचूक होती.

त्या गिटारवाल्या मुलाला खरे तर कुमार गंधर्वांची गोष्ट सांगायला हवी होती. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा हा मुलगा आठनऊ वर्षांचा असताना मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखवी. खरखर सोडली तर सारे हुबेहूब. लोक तिकिटे काढून हे आश्चर्य पाहायला येत. परीक्षकांच्या भाषेत शुद्ध नक्कल. पुढे देवधर मास्तरांकडे शिक्षण झाले, क्षयाने काही वर्षे आवाज बंद झाला, देवासच्या मुक्कामात माळव्याची लोकगीते कानांवर पडली आणि उठल्यावर जो गायक उभा राहिला त्याच्यावर परंपरेचा भंग केल्याचा आरोप होऊ लागला. ज्याने सर्वांची नक्कल केली होती तोच कोणासारखाही गात नाही, अशी ही तक्रार!

याच कुमारजींनी पुढे बालगंधर्वांच्या पदांचा एक कार्यक्रम केला. नाव दिले ‘मला उमजलेले बालगंधर्व’. हुबेहूब बालगंधर्व काढणे त्यांना सहज शक्य होते. तो तर त्यांचा बालपणीचा धंदा. त्यांनी काढले नाही. पदे तीच, भास्करबुवांनी जेथून आणली त्या बंदिशी त्याच, पण थांबण्याच्या जागा हलल्या, आणि बालगंधर्व जो विवेक करीत होते तो कशाचा होता ते दिसू लागले. सभागृहात काही जुने रसिक नाराजही झाले असतील. त्यांना स्मृती हवी होती, उमज नव्हे. दोन्हींसाठी माणसे तिकीट काढतात, हे स्पर्धांच्या परीक्षकांना बरोबर ठाऊक असते.

हे सारे आम्ही त्या विद्यार्थ्याला नंतर सांगितले, थोडे विस्कळीतच. त्याने आमच्याकडून ‘सौभद्रा’ची जुनी प्रत नेली. महिन्याभराने परत दिली तेव्हा डोक्यावरच्या त्या ओळींपुढे पेन्सिलीने खुणा होत्या. जी मूळ गाणी त्याला कुठे ना कुठे ऐकायला मिळाली तेथे बरोबरची खूण; जी मिळाली नाहीत तेथे रिकामे वर्तुळ. वर्तुळेच अधिक होती. त्या गाण्यांपैकी कितीतरी आज कोणाच्या गळ्यात नाहीत. ती कशी होती हे शोधायचे तर किर्लोस्करांचे पदच म्हणून पाहावे लागते. “ज्याच्यावरून ढापले ते आता ढापलेल्यातच शिल्लक आहे, सर,” तो म्हणाला, आणि एका दिंडीला गिटारवर कोणते कॉर्ड लागतील यावर आमच्याशी वाद घालू लागला. त्यातले आम्हांला काही कळत नाही.